देवीच्या फरशीमागचा खांब

माझं माहेर कळवणच्या पलीकडं, दारात उभं राहिलं की गड दिसायचा, म्हणून वणीची आई आमच्या घरातलीच. लग्न होऊन नाशकात आले, हे कंपनीत, मी पोळ्यांचे डबे करून द्यायचे, आन इंदिरानगरातला हा फ्लॅट घेतला, पहिल्या मजल्यावर, खाली नुसते खांब आन गाड्या. तेव्हा बरं वाटलं, म्हटलं खाली कोणी राहत नाय, कोणाची कटकट नाय. काय सांगू तुम्हाला ताई, आता तीच मोकळी जागा पायाखाली डाचते. बसवत नाय मला. रस्त्यानं मोठी गाडी गेली तरी लाटणं हातात थांबतं, आधी ह्यांच्याकडं बघते, मग पेल्यातल्या पाण्याकडं. ह्यांच्या अंगावरून वारं गेलंय, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं तोंडातच राहतं, पण मला कळतं.

हां, तर खांबाचं सांगत होते. खाली लोक पान खाऊन थुंकायचे, खांब लालेलाल. मग सगळ्यांनी ठरवलं, देवाची चित्रं असलेल्या फरश्या बसवू, म्हणजे कोणाची हिंमत होणार नाय. एका खांबाला गणपती, एकाला दत्त, आन आमच्या खालच्याला मी हट्टानं सप्तशृंगी मागून घेतली. थुंकणं थांबलं, खरंच थांबलं. मी रोज उदबत्ती लावायचे, दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे, आन मग खांब म्हणून त्याच्याकडं बघायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाय.

आन एका सकाळी हललं. कळवणकडं असे बारीक धक्के बसतात, भावाचा फोन येतो, पण इथं मला कधी कळलं नव्हतं. पोळी तव्यावर, मांडणीवरची भांडी वाजायला लागली, पंखा झोके घ्यायला लागला. वरचे भामरे भाऊ, आमच्या सोसायटीचे चेअरमन, जिन्यातून ओरडत गेले काकू खाली चला, सगळी बिल्डिंग खाली पळाली. मी ह्यांना उठवायला गेले, उठतात कुठं, ह्यांनी डाव्या हातानं मला ढकललं, जा म्हणाले, जा. मी म्हटलं गप बसा. गॅस बंद केला आन त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले. थांबलं ते, लवकर थांबलं. खाली जाऊन बघते तर सगळे पार्किंगमध्येच उभे, भामरे भाऊ तर देवीच्या खांबाला मिठी मारून, म्हणतात काकू, आईनं वाचवलं.

पुढं तपासायला इंजिनिअर मॅडम आल्या, माझ्या पोरीएवढ्या. हे ऐकलं आन त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या अहो मोकळ्या मैदानात पळायचं, वर निदान भिंती आहेत, इथं काय आहे, बिल्डिंग पडताना आधी हे खालचे खांब जातात. मग फरशीवर टिचकी मारली, बद्द आवाज आला. आत पोकळ आहे, ही काढावी लागेल म्हणाल्या. आता देवीला हातोडा कोण मारणार? त्यांच्याबरोबरचा मजूर मागं सरला, भामरे भाऊ म्हणाले राहू द्या, नवरात्र झालं की बघू, आन सगळे माझ्याकडं बघायला लागले, उदबत्ती माझी ना. मला रागच आला. वरती माझा माणूस पडलाय, त्याला पळता येत नाय, तुम्हाला येतं. घरातून खण-नारळ आणला, तिथंच ओटी भरली, म्हटलं आई, जरा बाजूला हो, तुझ्या मागं काय हाय ते बघू दे. आन उलथनं घालून कडेनं उचकटलं. जोर लागलाच नाय ताई. फरशी सिमेंटच्या खपलीसकट हातात आली, मागं गंजलेल्या सळया, तांबडा भुगा नुसता.

मॅडमनी दाखवलं, उभ्या सळयांभोवती ह्या रिंगा, लांब लांब घातल्यात, टोकं आत वळवलेली नाहीत, जोरात हललं की सुटतात आन मग सळया वाकतात. मला लगेच कळलं. माहेरी सरमाडाची, बाजरीच्या वाळल्या ताटांची पेंढी बांधताना बंधाचं टोक आत खोचायचो, नाय खोचलं की डोक्यावरच पेंढी सुटायची. त्या काळच्या बऱ्याच बिल्डिंगी अशाच बांधल्यात म्हणाल्या.

तो खांब झाला. नव्या सळया, जवळ जवळ रिंगा, वरून काँक्रीट, आता कवेत मावत नाय. पण बाकीचे तसेच. का, तर खांब जाड झाला की भामरे भाऊंच्या गाडीचं दार उघडत नाय. मीटिंग होते, चहा होतो, उठतात. एकट्या खांबानं काय होणार, मॅडम सांगून थकल्या. मी रोज विचारते, भाऊ, गणपतीचा खांब कधी? चिडतात. चिडू दे. पोरगी म्हणते माझ्याकडं या, तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाय, ह्यांना चढवणार कोण.

देवीची फरशी आता ह्यांच्या उशाशी ठेवलीय. नव्या खांबावर परत लावू का म्हणून मजुरानं विचारलं, मी नको म्हटलं, तो उघडाच बरा, भेग पडली तर दिसंल. परवा ट्रक गेला, पेल्यातलं पाणी हललं, ह्यांनी परत डावा हात उचलला, जा म्हणाले. मी तोच हात धरून ठेवला. आई सगळ्यांना सुखी ठेवो, भामरे भाऊंना पण, त्यांच्या गाडीला पण. फक्त परत हललं तर त्यांनी मैदानात पळावं. आम्ही दोघं वरच असू.