फळ्यावरची सातवी ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या हार्डिंगर हायस्कूलच्या प्राचार्या डॉ. सुझन एकर्ट, व्यासपीठावर बसलेले शाळा मंडळाचे सभासद, फादर मायरन, आजचे सत्कारमूर्ती आणि शाळेचे क्रीडासंचालक श्री. ग्लेन ट्रेहार्न, त्यांच्या पत्नी, त्यांची नात ब्रिन, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

आधी माफी मागतो. हे भाषण लिहायला मला फार उशीर झाला. प्राचार्याबाईंच्या ऑफिसातून तीनदा फोन आला. "एमिल आजोबा, मंगळवारपर्यंत कागद द्या, आम्ही एकदा नजर टाकतो, मोठ्या अक्षरात टाइप करून देतो." मी दिला नाही. नववीत शाळा सोडलेला माणूस आहे मी, लिहायला वेळ लागतो, हे खरंच आहे. पण मंगळवारी कागद तयार होता. नजर टाकू द्यायची नव्हती, म्हणून दिला नाही. त्याबद्दलही माफी.

माइक चालू आहे ना? मागे ऐकू येतं? बरं. आणि कृपा करून खुर्च्या ओढू नका. खाली ताडपत्री अंथरली आहे, पण ती पातळ आहे. या व्यायामशाळेची लाकडी फरशी मी एकतीस वर्षं घासली आणि पॉलिश केली. खुर्ची करकरली की अजून मी वाकून ओरखडा शोधतो.

मला ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी एमिल होलोव्हाक. या शाळेचा सफाई कामगार होतो. दिवे बदलायचे, बॉयलर पेटवायचा, आणि तो फळा रंगवायचा. तो, तुमच्या उजव्या हाताच्या भिंतीवरचा. बास्केटबॉलमध्ये हजार गुण करणाऱ्या मुलामुलींची नावं. निळ्यावर पांढरी अक्षरं. ती सगळी माझ्या हातची आहेत. फळा तीनदा नवीन केला, तिन्ही वेळा मीच लिहिला.

आता सगळेच तिकडे बघताय, तर नीट बघा. सहा नावं, मग एक रिकामी ओळ, मग पुन्हा नावं. किती जणांनी मला विचारलं असेल! "एमिल, मोजताना चुकलास काय रे?" दरवेळी मी म्हणायचो, "हो, चुकलो."

मी चुकलो नव्हतो.

साहेबांच्या गौरवाचे दोन शब्द बोलायला मला बोलावलंय, तेव्हा साहेबांबद्दलच बोलतो. तीन आठवड्यांपूर्वी ट्रेहार्न साहेब माझ्या घरी आले. सत्तेचाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. बूट पुसून आत आले, माझ्या स्वयंपाकघरात बसले, कॉफी घेतली. म्हणाले, "एमिल, निरोपाला तू बोलायचंस. जुनी माणसं उरलीत कुठे?" मग म्हणाले, "आणि एक काम आहे. आमच्या ब्रिनला हजाराला बारा गुण कमी आहेत. हंगाम सुरू झाला की पहिल्याच शुक्रवारी, घरच्या सामन्यात होऊन जातील. नाव तुझ्या हातचं हवं. ते हल्लीचं चिकटपट्टीचं नको."

मी म्हटलं, "डोळे गेलेत, साहेब. खाली शेवटी लिहायचं तर वाकावं लागेल."

"खाली कशाला? वर ती एक ओळ मोकळीच आहे ना, माझ्या बहिणीच्या, ग्वेनच्या नावावर. तिथेच लिही. आत्या-आजी आणि नात, एकाखाली एक. छान दिसेल."

मी कप खाली ठेवला. ती ओळ कशी मोकळी झाली हे या माणसाच्या लक्षातच नव्हतं. लक्षात असून बोलला असता तर कदाचित मी आज गप्प बसलो असतो. पण तो विसरला होता.

तर मग आठवण करून देतो. बसा, साहेब. केक अजून कापायचाय.

त्या ओळीवर पॉलेट होलोव्हाक हे नाव होतं. माझी मुलगी. जानेवारी १९८०, एक हजार त्रेचाळीस गुण. मी शिडीवर चढून लिहिलं तेव्हा खालून माझी बायको व्हर्ना ओरडत होती, "अहो, तो 'प' वाकडा आलाय!" आला नव्हता. रडत होती म्हणून तिला वाकडा दिसला.

पॉलेट कशी खेळायची हे जुन्यांना माहीत आहे. तिच्यासाठी मुलींच्या सामन्याला तिकिटाची रांग लागू लागली. अग्निशमन दलाची मंडळी दारात सॉसेज-पाव विकायची आणि त्यातून त्यांनी पंप घेतला. वर्तमानपत्र तिचा फोटो छापायचं. आणि मुख्य रस्त्यावरच्या लिओ पाव्लाक खाटकाने एक दिवस तिला दुकानात बोलावलं. शाळेच्या निळ्या पोशाखात, बगलेत चेंडू, आणि गळ्यात हारासारखं सॉसेजचं वेटोळं घालून फोटो काढला. खाली लिहिलं, 'पॉलेटची ताकद, पाव्लाकचं सॉसेज'. काचेत लावला. सगळं गाव हसलं. पोरगीही हसली. सोळा वर्षांची होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही खाण्याची टोपली चर्चमध्ये आशीर्वादाला नेतो; त्या वर्षी पाव्लाक मला म्हणाला, "एमिल, टोपलीसाठी हे ने. फादरकडून आशीर्वाद घेऊन ये. माझ्याकडून पोरीला." मी नेलं. हॅम, अंडी, लोणी, तिखट मुळा, आणि पाव्लाकचं सॉसेज. टोपलीवर पवित्र पाणी पडलं आणि आम्ही रविवारी सकाळी खाल्लं.

पुढच्या हंगामात, नाव लिहून तीन आठवडे झाले तेव्हा, जिल्हा क्रीडा समितीकडे निनावी पत्र गेलं. खेळाडूने आपलं नाव आणि चित्र माल विकायला वापरू दिलं, शाळेच्या पोशाखात, आणि मोबदला घेतला. तेव्हा नियम होता, खेळाडूने एक पैसा घ्यायचा नाही.

चौकशीला आम्ही गेलो. तीन माणसं टेबलामागे. त्यातला एक भला होता, त्याला सोडून द्यायचं होतं. त्याने मला विचारलं, "मिस्टर होलोव्हाक, कुटुंबाला काही मिळालं नाही ना? नाही म्हणा, म्हणजे संपलं."

नाही म्हणायचं होतं. एक शब्द. पण मला वाटलं, ती तर आशीर्वादाची टोपली. त्यात कसला मोबदला? देवापुढे ठेवलेलं लपवायचं कशाला? मी म्हणालो, "सॉसेज मिळालं, साहेब. फादरनी त्यावर पाणी शिंपडलंय."

ते हसलेसुद्धा नाहीत. लिहून घेतलं.

काचेत फोटो लागल्यापासूनचे तिचे सगळे गुण रद्द. उरलेला हंगाम बंद. शाळेने जिंकलेले सहा सामने हरल्यात जमा. आणि या गावाने काय केलं? तुमच्यातले काही जण तेव्हा होते. चर्चच्या पायऱ्यांवर मला ऐकवलं, "काय हो, सॉसेज पचलं का? आमचा करंडक खाल्लात!" पाव्लाकच्या दुकानातली गर्दी मात्र कमी झाली नाही. अग्निशमन दलाने पंप परत दिला नाही. पोरीच्या नावावर सगळ्यांनी खाल्लं आणि उष्टं तिच्या तोंडाला फासलं. एका कॉलेजच्या बाई आमच्या घरी येऊन गेल्या होत्या, व्हर्नाच्या हातचे कोबी-नूडल्स दोनदा वाढून घेतले होते, जागा पक्की म्हणाल्या होत्या. त्यांचं पत्र आलं नाही. पॉलेट शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागली. बाविसाव्या वर्षी ओरेगॉनला गेली. तिथे शाळेची बस चालवते. या इमारतीत तिने पुन्हा पाय ठेवलेला नाही. आईच्या अंत्यविधीला आली तेव्हाही या रस्त्याने आली नाही, टेकडीमागून वळसा घालून आली.

आणि नाव पुसायचं काम कोणाचं? सफाई कामगाराचं. तेव्हाचे नवे साहाय्यक प्रशिक्षक, चोवीस वर्षांचे ट्रेहार्न साहेब, शिडी धरून उभे होते. म्हणाले, "वाईट वाटतं रे, एमिल. पण नियम म्हणजे नियम." मी माझ्या मुलीच्या नावावर निळा रंग फिरवला. ते म्हणाले, "खालची नावं येतील तशी वर सरकवून घे." ते मी ऐकलं नाही. दोन वर्षांनी हजार झाले त्यांच्या धाकट्या बहिणीचे, ग्वेनचे. पॉलेट गेल्यावर चेंडू तिच्याकडेच जायचा. तिचं नाव मी आठव्या ओळीवर लिहिलं. सातवी सोडली.

पत्र कोणी पाठवलं? अकरा वर्षं मी शेजारच्या गावाला शिव्या घातल्या. त्यांच्या प्रशिक्षकाशी एकदा पेट्रोलपंपावर भांडलो, बिचारा मेला आता. मग एक्क्याण्णव साली बॉयलरच्या खोलीतली जुनी कपाटं रिकामी करायला सांगितली. क्रीडा विभागाच्या फायलींत कार्बन कागदावरची प्रत सापडली. तीच तक्रार, शब्दाला शब्द, आणि वर पिनेने लावलेली चिठ्ठी, साहेबांच्या हातची: 'सही न करता पाठवली. आता ग्वेनला पहिल्या पाचात घेता येईल.'

ती प्रत आणि चिठ्ठी माझ्याकडे आहे. इथे. फादर, तुम्ही शेजारीच आहात, अक्षर वाचून खात्री करून घ्या आणि साहेबांकडे द्या.

नाही, प्राचार्याबाई, माइक राहू द्या. दोन मिनिटं फक्त.

तुम्ही विचाराल, चौतीस वर्षं गप्प का बसलास? भीती. नोकरी होती, पुढे पेन्शन होती, व्हर्नाची औषधं होती. मी घाबरट माणूस आहे. आजही येताना तीनदा परत जाऊन चूल बंद आहे का बघितली. पण आता व्हर्ना नाही आणि पेन्शन कोणी काढून घेऊ शकत नाही. मी विचारून आलोय.

आता नियम बदलला. आता मुलांना जाहिरातीचे पैसे घेता येतात. ब्रिनचा केवढा तरी फलक महामार्गावर लागलाय, मोटारींच्या दुकानाचा. दवाखान्याच्या गाडीतून मी तो दर गुरुवारी बघतो. मुलांनी कमवावं का, यावर तुम्ही शाळेत सभा घेतली, तेव्हा साहेब म्हणाले, "काळाबरोबर चाललं पाहिजे." मला कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. कमवावं. तिकीट विकणारा कमावतो, सॉसेज विकणारा कमावतो, मग जिच्या गुडघ्याला सूज येते तिनेच का नाही? काळजी मलाही वाटते. सतरा वर्षांच्या पोरीशी करार करणारी माणसं कोण आहेत, तिला झोप लागते का, एक सामना वाईट गेला तर ती माणसं फोन उचलतील का. पण काळजी वाटते म्हणून तिच्या शेजारी बसायचं असतं. तिच्या पाठीमागे पत्र लिहायचं नसतं.

आणि इथे, साहेब, तुमच्याकडून एक चूक झाली आहे. नव्या नियमातही एक गोष्ट चालत नाही. शाळेचा पोशाख. नाव तुमचं, चेहरा तुमचा, पण शाळेचा सदरा अंगात नको. फलकावर ब्रिनने कोणता सदरा घातलाय? निळा. चौदा नंबरचा. आपल्याच शाळेचा. सत्तेचाळीस वर्षं तुम्ही इथे नियम सांभाळलेत, आणि तो फलक तुम्हाला दिसला नाही?

मला दिसला. घरी आलो आणि पत्र लिहिलं. लिहायला सोपं गेलं, नमुना होताच. पॉलेटच्या जागी ब्रिन, सॉसेजच्या जागी मोटार. सही न करता. हे पाकीट. तिकीट लावलंय. तीन आठवडे माझ्या कोटात आहे. रोज टपालपेटीपर्यंत गेलो. माझ्या आयुष्यात इतकं गोड काही वाटलं नव्हतं, हे देवासमोर आणि फादरसमोर कबूल करतो. शुक्रवारी ब्रिनचं नाव लिहिलं जाईल, मग एक दिवस तुम्ही शिडी धराल आणि वर रंग फिरवणारा मीच असेन, हे मी रोज डोळ्यांपुढे आणलं.

ब्रिन बाळ, रडू नकोस. ऊठ. माझ्याकडे बघ. उद्या सकाळी त्या मोटारवाल्याला फोन कर आणि सांग, माझा सदरा रंगवून टाका, साधा पांढरा करा, शुक्रवारच्या आत. आणि प्राचार्याबाईंना आत्ताच सांग, की चूक झाली होती, दुरुस्त करतेय. एवढंच. पैसे ठेव. तुझे आहेत.

बघितलंत, ट्रेहार्न साहेब? किती वेळ लागला? एवढंच बोलायचं होतं तुम्हाला, एकोणऐंशी साली. "पॉलेट, तो फोटो काढून घ्यायला सांग गं." पाव्लाकचं दुकान तुमच्या घरासमोर होतं.

हे पाकीट मी फाडतो. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.

समारंभाला भेट आणायची रीत आहे, ती मी आणली आहे. व्यासपीठाखाली आहे, फीत बांधलेली. पांढऱ्या रंगाचा डबा, दोन नंबरचा ब्रश, आणि शिडी भिंतीला लावलेली आहे. सातवी ओळ. ब्रिनचं नाव खाली शेवटी, तिच्या जागी, मी लिहीन, वाकता येईल तेवढं वाकून. सातव्या ओळीवर तुम्ही लिहायचं, सगळ्यांसमोर. गुण एक हजार त्रेचाळीस. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. शिडी मी धरतो.

माझं बोलणं लांबलं. प्राचार्याबाईंनी माइक बंद केला नाही, त्यांचे आभार. स्वयंपाक केलेल्या बायांचे आभार, पिएरोगी थंड झाले असतील, माझ्यामुळे. कमीजास्त बोललो असेन तर बाकीच्यांनी पोटात घालावं. ट्रेहार्न साहेबांकडे मी ते मागत नाही.

फक्त एक विनंती. शिडीवरून उतरलात की पॉलेटला पत्र लिहा. या वेळी सही करून. पत्ता फितीखाली चिकटवला आहे. ती काय उत्तर देईल मला माहीत नाही, कदाचित देणारच नाही. पण तुम्ही लिहिलंत की मला लगेच कळवा. फोन नसेल करायचा तर दारावर नुसतं वाजवून जा. मी चौऱ्याऐंशीचा आहे, साहेब. उशीर करू नका.