व्हॉल्व्ह वाजतोय का?

—नाय ताई, आधी बसा तुम्ही, ती खुर्ची घ्या, गाडी कुठं पळून जात नाय. परवाच तर बदलला ना तुमचा व्हॉल्व्ह, नवाकोरा, पेणला जाऊन मी स्वतः आणला, आणि आज परत तीच तक्रार? फाटकाला थांबली की इंजिन वरखाली होतं, तेच ना? मान हलवलीत म्हणजे तेच. आता रोह्याहून रोज पेणला जाणार-येणार म्हटल्यावर धूळ, खड्डे सगळं आलंच, पण जगन मिस्त्रीनं हात लावलेली गाडी अशी लगेच परत आली असं आमच्या गडब गावात कुणी— बरं, ते सोडा. बॉनेट उघडतो. इंजिन बंद करू नका, चालूच राहू दे.

हे बघा, ही नळी आणि तिच्या बुडाशी हा एवढासा व्हॉल्व्ह. इंजिनच्या पोटात गॅस धरतो, माणसाच्या धरतो तसाच, तो खेचून घ्यायचं काम याचं. हा अडकला की पोट फुगतं, मग तेल कुठून तरी वाट काढतं, गाडी थरथरते. आणि गेलाय का नाय ते कसं ओळखायचं? सोपं हाय. काढायचा आणि कानाशी धरून हलवायचा. आत एक सुटा तुकडा असतो, तो टकटक वाजला पाहिजे. वाजला तर चांगला, मुका झाला तर गेला. आमच्या लाइनीत सगळे असंच बघतात. आणि तुमचा मुका होता. तुमच्यासमोरच हलवला ना मी? परत परत हलवला— टक नाय की टुक नाय. टाकला नाय मी तो, या ट्रेमधी ठेवलाय, उद्या कुणी म्हणायला नको मिस्त्रीनं उगाच बदलला. घ्या, तुम्हीच हलवा. कानाजवळ धरा. अस्सं.

काय झालं? परत हलवा बरं. असं काय बघता माझ्याकडं— वाजतोय? नुसती मान हलवा ताई. वाजतोय. आणा इकडं.

...नाय. मला नाय वाजत. या कानाला नाय, त्या कानाला पण नाय.

तुम्ही कशाला खोटं बोलाल.

जरा पुढं या, असं तोंडाकडं तोंड करून बोला. शि— शिट्टी? शिट्टी येते म्हणताय? नळीतून? परवा पण हेच सांगत होता तुम्ही? अरे देवा. मला वाटलं सीट. सीटचं काय तरी म्हणताय, म्हणून मी सीट पुढं घेऊन दिली, लिव्हरला तेल घातलं, आणि तुम्ही हसलात तर मला वाटलं, खूश झाल्या ताई.

नाय, उठू नका. पाणी नको मला. तसं काय नाय, ट्रक कळतो मला, बाप्यांचा आवाज पण कळतो जाडाभरडा. बारीक आवाज गेले. या रस्त्याला मला कानवाला जगन म्हणतात, ठाऊक हाय तुम्हाला? लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, हे बेअरिंग गेलं, तो टॅपेट सैल हाय. नागोठण्यावरून गाड्या यायच्या. अजून टेकवतो मी स्क्रू ड्रायव्हर. गिऱ्हाईक उभं असतं ना समोर— मग हूं हूं करायचं, डोळे मिटायचे आणि अंदाजानं बोलायचं. पहिल्यांदा मला वाटलं हायवेच शांत झालाय. खरंच सांगतो, बायकोला म्हटलं, चंद्रावती, हल्ली गाड्या कमी झाल्या बघ. ती काय तरी बोलली. काय बोलली कोण जाणे. बायांचा आवाजच आधी गेला ओ. ती म्हणत असणार, तुम्ही ओरडता किती, कारण मी बोललो की कुत्रं उठून जातं. आणि नमिता, माझी पोरगी, तुमच्या रोह्यातच दिलीय, रोज फोन करते. मी हां, बरी हाय ना, असं म्हणतो आणि लगेच आईकडं देतो फोन. आता पोरीला वाटतं बाबा रागावलेत. चंद्रावतीनं हातवारे करून सांगितलं मला, पोरगी रडली म्हणून; पोरीला कळवू नको असं मीच बजावलंय तिला. मी काय सांगू तिला? रागावलो नाय, ऐकू येत नाय, असं फोनवर सांगायचं, आणि ती पुढं काय म्हणेल ते कुणी ऐकायचं? लय भीती वाटते ताई. कान गेला तर मिस्त्रीकडं राहतं काय?

थांबा. शिट्टी म्हणजे हवा खेचतेय कुठून तरी. बोटं फिरवून बघतो. बोटं लावायची वेळच आली नव्हती कधी, कानच सांगायचा आधी. इथं नाय... इथं नाय... हां. या वळणाखाली. चीर गेलीय उभी, बोट ओढून घेतेय बघा. व्हॉल्व्हचा काय दोष नव्हता बिचाऱ्याचा. तो मुका नव्हता, मीच बहिरा.

करा बंद. बंद केली? हात ठेवून बघतो— हां, झाली बंद. ही नळी कापली, हा नवा तुकडा, क्लिप आवळली. तुमचा जुना व्हॉल्व्हच परत बसवतो, चांगला हाय तो, वाजतोय. मारा चावी. थरथर गेली, हाताला कळतंय. आणि शिट्टी? गेली? नक्की? तुम्ही म्हणता तर गेली.

रोह्यात कुणाला सांगू नका. गाडी जगनकडं न्या असं म्हणा— नाय, तसं पण नका म्हणू. काय म्हणालात? नमिताकडं जाऊन सांगू म्हणताय? नको. तुम्ही बरं म्हणालात, का सांगणारच म्हणालात? ओठ नीट कळले नाय. असू दे, असू दे.

निघा आता. गाडी रिव्हर्समधी हायवेवर काढताना नेहमी मी मागं उभा राहून हात दाखवतो, ठाऊक हाय मला. आज नाय दाखवत, बारीक हॉर्न मला कळायचा नाय. तुमचं तुम्हीच बघा.