पल्याडची चाकं

आमचे आप्पा, म्हंजी माझे वडील, दौंडला वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. लकवा मारल्यापासून तीन महिने त्यांच्या तोंडातून शब्द न्हाई. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. पण कशावर बोलणार? माझी नोकरी कुरकुंभच्या केमिकल कंपनीत, त्यातलं त्यांना काय?

एका रविवारी बायको आन् मी त्यांना व्हीलचेअरवरून घेऊन गेलो, शोभेला ठेवलेलं जुनं टाकीवालं इंजिन दाखवायला. पाण्याची टाकी अंगावरच असलेलं. चाकांच्या आकड्यावरून इंजिनाची जात सांगतात, एवढं लहानपणी ऐकलेलं. म्हणून उभा होतो त्या बाजूची चाकं पुढून मोजत गेलो आन् म्हणालो, "आप्पा, हे एक-तीन-दोन ना?"

आप्पांनी मान वळवली. जीभ जड होती, पण शब्द आले.

"दोन-सहा-चार. पल्याडची चाकं काय तुझ्या सासऱ्यानं नेली?"

तिच्या बापाचा उद्धार झाला तरी बायको रडत रडत हसत होती. मी त्या इंजिनाच्या पाया पडलो.

घरी आल्यावर सासऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "व्याह्यांना सांगा, व्हय, मीच नेली. रोज विचारा म्हणावं."