किल्ली माझ्या हातात

कुणी म्हणून कुणी भरोसा ठेवला न्हाई बघा माझ्यावर. नवऱ्यानं न्हाई, सासूनं न्हाई, गावानं तर मुळीच न्हाई. "नागुबाई, उन्हानं डोस्कं फिरलंय तुझं," म्हणे. अन् मी सांगून काय राहिले व्हते, तर एवढंच की गाडी बंद केली तरी बंद होईना. किल्ली माझ्या हातात, अन् गाडी आपली चालूच... खुड्... खुड्... दमेकरी माणूस उंबऱ्यात बसून धाप टाकतो ना, तशी.

आता गाडी कुणाची, तर सासऱ्याची. जुनी अँबेसिडर, पेट्रोलवरची. सासरा ग्यानोबा, त्याला दमा. ह्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून नांदेडच्या दवाखान्याला निघाला अन् मुखेडच्या अलीकडंच गेला, बसल्या जागी. मागून ती गाडी आमचे मालक शेषेराव चालवायचे, सीटा भरून मुखेडच्या बाजाराला. मंग हा दुष्काळ आला. हिंगोलीचा नवा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्याची गोष्ट सांगते. आमच्याकडचे बी म्हणायचे, आता आपला नंबर, आपला बी जिल्हा व्हतो... अन् प्यायला पाणी टँकरचं. मालक विहिरीतला गाळ काढायला उतरले ते पाय मोडूनच वर आले. रान वाळलेलं, चूल तर पेटायला पाहिजे, मंग गाडी कोण चालवणार, तुमी येणार व्हता का? मीच शिकले. चौथीतून उठलेली बाई, पण गियर टाकायला कितीशी शाळा लागती?

तर तवाच हे सुरू झालं. मालक म्हणले, "किल्ली नीट फिरवत नसशील." म्हणलं, अहो, किल्ली माझ्या हातात, मी तुमच्या खाटंपशी उभी हाय, अन् आयका, भाईर कोण धापा टाकून राहिलंय? आयकलं त्यांनी. ऐन वैशाखात माणसानं वाकळ तोंडावर ओढून घेतली.

मंग एकदा बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. शेजारची भामाबाई वांग्याची पाटी घेऊन उतरली. मी किल्ली काढून तिच्या नाकापुढं धरली, म्हणलं, ही बघ, किल्ली माझ्या हातात. गाडी हालतच व्हती. धाप... थांबली वाटायचं... की पुन्हा धाप. भामाबाईनं पाटी खाली ठेवली, डोईवर पदर घेतला, अन् पुढच्या रिकाम्या सीटला हळूच म्हणली, "मामंजी, लई तरास व्हतोय का?"

झालं. भरोसा पाहिजे व्हता ना मला? घे म्हणलं. सगळ्या गावाचा बसला, पण माझ्यावर न्हाई, म्हाताऱ्यावर. गाडीत कुणी पाय ठेवंना. अन् आमच्या सासूबाई, चांगुणा आत्या, त्या काय म्हणल्या? "ते तहानलेत. जाताना पाणी मागितलं, तोंडात पडलं न्हाई." रेडिएटरमधी वतायला मी टँकरच्या पाण्यातला एक तांब्या राखून ठेवायची. त्यांनी तो उचलला अन् ठेवला पुढच्या सीटवर. आता रेडिएटर कोरडं, म्हून गाडी तापली, तापली म्हून धाप वाढली, धाप वाढली म्हून आत्यांनी दुसरा तांब्या ठेवला... अन् सीटा मिळतील म्हून रिकामीच गाडी मुखेडला न्यावी, तर तिथं पोचेस्तवर तांब्या रिकामा. सांडला म्हणावं तर सीट कोरडी ठक्क, मी हात फिरवून बघितला. उन्हानं वाळली असंल, मी म्हणते. तुमी काय म्हणायचं ते म्हणा.

मालक म्हणले, भंगारवाल्याला बोलावतो. म्हणलं, मंग खायचं काय, वाकळ? अन् रिकामीच गाडी घेऊन नांदेड गाठलं, देगलूरकडचा माणिकप्पा मिस्त्री हाय तिथं. त्यानं बॉनेट उघडून कान लावला. "भूत गीत इल्ला, कायबी न्हाई, अक्का. पेट्रोलमधी आधी शिसं घालायचे, आता काढलं ते. जुन्या इंजिनाला शिशाची सवय. ह्या नव्या पेट्रोलनं व्हॉल्व झिजून आत बसायलेत, अन् लई तापलं की किल्ली काढली तरी पेट्रोल आपोआप पेटत राहतंय. त्यात पाणी तुमी सीटला पाजून राहिले." इंजिनाचं हेड खोलावं लागंल म्हणला, सामान हैदराबादहून येईल तवा. तवर इलाज काय? गियरमधी टाका, ब्रेक दाबून धरा, अन् क्लच सोडा. गाडी मरती, म्हणला.

सांजच्याला गावात आले. सगळे पारावर. किल्ली माझ्या हातात, गाडी खुड् खुड्... गियर टाकला, ब्रेक दाबला, सोडला क्लच. गाडीनं एक आचका दिला, एक लांब सुस्कारा... अन् गप. अन् मागून आत्यांचा आवाज, "अस्सेच गेले व्हते."

मी शिसं सांगितलं, व्हॉल्व सांगितले, घसा कोरडा पडला माझा. कोण आयकतंय? भंगाराचं नाव काढलं की आत्या मालकावर धावून जातात, "बापाला मोडीत घालतो का रे?" म्हून गाडी राहिली. हैदराबादचं सामान काही आलं न्हाई, रोज सांजच्याला पारापुढं मी तसाच क्लच सोडून तिला बंद करते. बाजाराला जायला दुसरं काय हाय, म्हून सीटा बी भरतात, लोकं पुढच्या सीटला रामराम घालून मागं बसतात. पण उतरताना माझ्या हातातल्या किल्लीकडं बघतात, अन् लेकरं आडोशाला घेतात. गावात नवा पाव्हणा आला, ग्यानोबा कशानं गेला म्हून त्यानं विचारलं, तर दम्यानं गेला असं एक जण सांगत न्हाई. अजून रोज सांजच्याला जातो म्हणतात, त्याला मारतात म्हणतात. कोण? त्याचीच सून, नागुबाई.