बाळाच्या गळ्याची खूण

नाव सखुबाई गजानन जगदाळे. आडनावात ळ आहे, ल नाही. वय कार्डावर अठ्ठ्याहत्तर. काम शिवण, तेही घरच्यापुरतं. राहणार राजेंद्र नगर, इंदूर. अक्षरओळख नाही. ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते ते असे:

घरी मी आणि माझी नात संहिता, दोघीच असतो. संहिता पलासियाला कंपनीत आहे. तिथे ब्राउझर बनतो, म्हणजे टॅबवर ज्यातून पानं उघडतात तो. मला वाचता येत नाही, म्हणून तो मला पान वाचून दाखवतो. नातसून मितालीच्या बाळाचं उद्या बारसं आहे. त्याचं नव्या फॅशनचं झबलं मी शिवणाच्या एका पानावरून ऐकून ऐकून शिवते आहे.

त्या पानावर आहे, "बाळाच्या गळ्यापाशी खूण करा, मग कापा." पण ब्राउझर मराठी पान हिंदी आवाजात वाचत होता. त्याला ना ळ येई, ना ण. तो पुरुषी आवाजात म्हणे, "बालाच्या गल्यापाशी खून करा, मग कापा." संहिता म्हणाली, "आजी, हा बग आहे." मी म्हटलं, "बघतेच आहे, पुढे बोल."

आज दुपारी ती म्हणाली, नवीन अपडेट आलाय, बग गेला का ते तपासू, तू तेच वाक्य लावत राहा. मला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज पूर्ण ठेवला. खिडकी उघडी होती. खून काही थांबेना. मी म्हटलं, "तुझ्या अपडेटला अजून दात यायचेत." मग तिला आठवलं, ब्राउझर बंद करून परत चालू करायचा राहिलाच. तेवढ्यात दारात पोलीस.

फोन शेजारच्या प्रेमलताजींनी केला होता. बाई भल्या आहेत. त्यांनी ऐकलं ते असं, की घरात कोणी आदमी आहे, बाला के गले पर खून म्हणतो आहे, आणि कोणी तरी काँपा. मला दारात धडधाकट बघून त्या जरा हिरमुसल्याच.

पोलिसांनी टॅब आणि माझी कात्री ठाण्यात आणली. झबल्याचा गळा कापायचा राहिला आहे. बाळाला उद्या बिनगळ्याचं झबलं घालू का, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अम्माजी, पहले सुनवाओ."

संहिताने साहेबांसमोर ब्राउझर बंद करून परत चालू केला. ब्राउझर म्हणाला, "बाळाच्या गळ्यापाशी खूण करा, मग कापा." ळ पण आला, ण पण आला. सोबत आलेल्या प्रेमलताजी म्हणाल्या, "हाँ, अब तो शरीफ लग रहा है." कात्री आणि टॅब मला परत मिळाले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब हवालदार अर्पित भियांनी (आम्ही इंदूरकर भैयाला भिया म्हणतो) मराठीत लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. वाचताना त्यांनी सगळीकडे खून केले आणि माझं आडनाव जगदाले केलं. मी म्हटलं, "भिया, तुम्ही पण एकदा बंद होऊन परत चालू व्हा." दुसऱ्यांदाही तेच. ते सोडून बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे. खाली अंगठ्याची खूणच केली आहे.