चंद्राक्कांची वरची कवळी

हार राहू द्या, अण्णा, एवढ्यात काढू नका. फोटोवाल्याचं अजून झालेलं नाही. जरा इकडे बघा. सरी, ठीक आहे, झालं.

सन्माननीय अध्यक्ष विश्वेश्वरराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, सत्कारमूर्ती पिराजीअण्णा, यल्लव्वाक्का, आणि बेंगळुरातल्या आपल्या मंडळाच्या बंधुभगिनींनो,

चिकपेटेतल्या दवाखान्यामागच्या खोलीत पिराजीअण्णांनी एकतीस वर्षं लोकांचे दात घडवले. आज ते निवृत्त होत आहेत. मी आता डॉक्टर म्हणवते, पण माझं पहिलं शिक्षण कॉलेजच्या आधी त्यांच्या बाकाशी झालं. सत्तावन्न साल होतं. वडिलांनी विचारलं, "विद्याला चार महिने बसवून घेता का?" अण्णा म्हणाले, "बसू दे. स्वल्प बोलणी खाईल."

पुष्कळ खाल्ली. आधी पाणी, मग प्लास्टर. मी उलट केलं तेव्हा म्हणाले, "पिठलं ढवळतेस काय, विद्याक्का?" मग वाटी बाकावर आपटून बुडबुडे वर आणायचे. साबणाच्या वडीतून दाढ कोरायची. महिनाभर आमच्या घरी सगळ्यांनी दाढांनी आंघोळ केली. पुढे कॉलेजात मेणाचा दात कोरायला दिला, तेव्हा वर्गात नुसते मेणाचे तुकडे पडले होते. माझा दात उभा होता. इथे बसलेल्या मुलींपैकी कुणाला हे शिक्षण घ्यायचं असेल, तर आधी अशा बाकाशी बसा. पुस्तकातून हात कसा तयार होणार?

एक गोष्ट मात्र मी तिथे अर्धीच शिकले. ती सांगण्याची परवानगी अध्यक्षांकडे मागितलेली नाही.

तोंडाच्या ठशात बुडबुडा राहिला, की तिथे प्लास्टर शिरतं आणि साच्यावर पुटकुळी येते. ती चाकूने खरवडायची, एवढं मला येत होतं. येलहंक्याच्या चंद्राक्कांचा वरचा साचा ओतून अण्णा जेवायला गेले. साच्यात टाळूच्या मधोमध हरभऱ्याएवढा उंचवटा होता. मी तो खरवडून गुळगुळीत केला. ते चंद्राक्कांचं हाड होतं. काहींच्या टाळूला असतं.

कवळी त्या हाडावर डुगडुगू लागली. तेव्हाच्या डॉक्टरांनी ती आतून घासली, तर चिरली. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "पिराजी, तुझा हात गेला." अण्णांनी आपल्या हातांकडे बघितलं. मी शेजारी उभी होते. माझ्या कॉलेजच्या अर्जाबरोबरची चिठ्ठी ते त्याच संध्याकाळी लिहून देणार होते. मी बोलले नाही. त्यांनी लिहिलं, "विद्याचा हात स्थिर आहे."

त्यानंतर नऊ वर्षांत अण्णांनी वरची कवळी केली नाही. आलेलं काम दुसरीकडे पाठवलं. लोक म्हणाले, वय झालं. आणि चंद्राक्कांनी सांगून टाकलं, "तोंडात पुन्हा ती ठशाची माती नको."

हो, चंद्राक्का, तुमच्याच कवळीचं बोलते आहे. उभ्या राहू नका, बसून ऐका. नाही हो, तुमची टाळू वाकडी नाही. कुणी सांगितलं? मागच्यांना ऐकू आलं नसेल. त्या म्हणतात, नाचणीच्या उकडीचे मऊ मुद्दे गिळायला दात कशाला? हसा. पण नऊ वर्षं त्या मुद्देच गिळताहेत, हे मला गेल्या महिन्यात कळलं. म्हणून आज बोलले.

अण्णा, तुमचा हात गेला नव्हता. चाकू माझा होता.

अण्णा काही विचारताहेत. माईक द्या त्यांना. नको? ते विचारतात, "तोंडात बघितलं होतंस का आधी?" नाही, अण्णा. मुलींनो, राहिलेली अर्धी गोष्ट ही. साच्यावर खोट दिसली, तर चाकू उचलण्याआधी माणसाच्या तोंडात बघून या. तिथे उभं राहून लाज वाटली, तरी विचारा.

मानपत्र लिहून आणणारे गुंडोराव, सकाळपासून उपीट करणाऱ्या गोदूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी, सगळ्यांची मी ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी न शोभणारं बोलले, वेळही जास्त घेतला. लहान समजून पदरात घ्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पिराजीअण्णा चंद्राक्कांना घेऊन माझ्या दवाखान्यात आले. "माती स्वल्पच घाला," चंद्राक्का म्हणाल्या. अण्णांनी हात धुऊन त्यांच्या टाळूला बोट लावून पाहिलं, मग मला लावायला सांगितलं. ठसा मी घेतला. साचा त्यांनी ओतला.