पाच एक्सवाय

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या गणिताच्या बाई,

मुख्याध्यापक या नात्याने मला पाच मिनिटं मिळाली आहेत. बाईंचे गुण ऐकून तुम्ही कंटाळला असाल. त्या तर केव्हाच कंटाळल्यात. म्हणून एकच प्रसंग सांगतो.

मी इथे साधा शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. एका वर्षी सातवीच्या अख्ख्या वर्गाने तीन एक्स अधिक दोन वाय याचं उत्तर पाच एक्सवाय लिहिलं. बेरीज फक्त सरूप पदांची करायची, एक्सची एक्सशी, वायची वायशी, हे आपण जाणतो. ही राशी होती तशीच ठेवायची होती. पण सगळा वर्ग एकसारखा चुकतो कसा? संस्थेच्या तपासनीसांनी सामूहिक कॉपीचा ठपका ठेवून निकाल रोखला. मुलांचं वर्ष वाया जाणार होतं.

बाई तपासनीसांना म्हणाल्या, "साहेब, एकेकाला आत बोलवा. नवं उदाहरण घाला."

"आणि बरोबर सोडवलं तर?"

"तर कॉपी होती असं समजा."

शिक्षकखोलीत एकेक मूल आलं, चार एक्स अधिक तीन वाय बघितलं आणि सात एक्सवाय लिहून निघून गेलं. एकाही पठ्ठ्याचं उत्तर बरोबर आलं नाही. तपासनीस चक्रावले. म्हणाले, "हे काय गौडबंगाल आहे?"

बाई म्हणाल्या, "शिकवताना मी तीन पेनं आणि दोन पट्ट्या एकाच डब्यात टाकल्या. मुलांनी डब्यात पाच वस्तू मोजल्या. डबे दोन हवे होते. चूक माझी आहे, तसं लिहून देते."

हे लिहून देणं साधं नव्हतं. मुख्याध्यापकपदासाठी त्याच आठवड्यात बाईंचं नाव पुढे गेलं होतं. मी हळूच म्हटलं, "बाई, तोंडी सांगा, भागेल."

"तोंडी सांगून निकाल सुटेल का?"

सुटला नसता. त्यांनी लिहून दिलं, निकाल लागला, आणि तो धडा त्यांनी दोन डबे घेऊन पुन्हा शिकवला. पद माझ्याकडे आलं. मी ते नेटाने सांभाळलं, पण ते बाईंचं होतं. त्याचं मला वाईट वाटतं, हे आज भर सभेत सांगतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि बाई, ती चूक माझीच असेल, तेवढी तरी स्वतःच्या नावावर घेऊ नका.